तिरकामठा आणि अनोळखी डोंगर



मृगाचा पाऊस कधी येतो हे तुम्हांला सांगायला नको. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि आपले डोळे आभाळाकडे लागतात. पण ते नक्षत्र स्वतः पाहायचं असेल तर ते पावसाळ्यात नव्हे, थंडीत पाहावं. पौष-माघात रात्री जेवणं उरकली की अंगणात या. चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसेल. ते हरिणाचे चार पाय. चौकोनाच्या मध्यावर एका ओळीत तीन तारे आहेत. तो हरिणाच्या पोटात रुतलेला बाण. त्या तीन ताऱ्यांच्या रेषेत खाली पाहत गेलात, की रात्रीच्या ताऱ्यांमध्ये सर्वांत तेजस्वी असा एक तारा सापडेल. तो व्याध, म्हणजे बाण मारणारा शिकारी. आपल्या पेरणीच्या पंचांगातच ही शिकार मांडून ठेवलेली आहे, आणि ती किती जुनी असेल याचा विचार आपण सहसा करीत नाही.

शब्दांतही ती शिकार आहे. संस्कृतात ‘मृग्’ या धातूचा अर्थ शोधणे, धुंडाळणे असा आहे. मृगया म्हणजे शिकार. आपण ‘माग काढणे’ म्हणतो, त्यातला माग संस्कृत ‘मार्ग’ या शब्दापासून आला. चोराचा माग काढतात, हरवलेल्या बैलाचा काढतात. पण मुळात माग काढणं ही विद्या जनावराच्या पावलांवर माणूस शिकला. भोपाळजवळ भीमबेटका येथे खडकांच्या आडोशाला फार प्राचीन चित्रं आहेत. २००३ साली त्या स्थळाचा समावेश जागतिक वारशात झाला. त्या चित्रांत धनुष्यबाण घेतलेली माणसं हरिणांच्या मागे धावताना दिसतात. नांगराच्या आधीपासून माणसाच्या हातात तिरकामठा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपण आपल्या मुलखाकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारायचं तर ‘घाटावरचा की घाटाखालचा?’ असं विचारतात. देऊळघाट हे गाव घाटावरचं. ही अजिंठ्याच्या डोंगराची रांग आहे. तिच्या उत्तरेला उतरलं की पूर्णेचं खोरं लागतं, आणि त्याच्याही पलीकडे सातपुडा उभा आहे. याच डोंगरांत पैनगंगा उगम पावते. रांगेच्या उत्तर उताराचं पाणी पूर्णेतून तापीला आणि पश्चिम समुद्राला जातं. पैनगंगेचं पाणी वर्धा आणि गोदावरीच्या वाटेनं पूर्व समुद्राला जातं. अशा ठिकाणी डोंगर सरळ नसतो. ओढे, घळी, कडे, सोंडा यांचा गुंता असतो. नवखा माणूस एका घळीत उतरतो आणि दुसऱ्याच घळीतून वर निघतो.

अशा अनोळखी डोंगरात हरिणावर बाण टाकणं म्हणजे काय असेल, याचा जरा विचार करा. भिल्लांचा कामठा बांबूचा असतो. त्याची दोरीदेखील पुष्कळदा बांबूच्याच सालीची चिवट पट्टी असते. बाणाला लोखंडी फाळ, मागे पिसं. साधन अगदी साधं. पण त्याचा पल्ला थोडा. नेम खात्रीचा हवा तर तीस-चाळीस पावलांच्या आत जावं लागतं. आणि हरीण काही तुम्हांला तीस पावलांवर येऊ देत नाही! त्याचे कान तिखट, नाक त्याहून तिखट.

म्हणून धनुर्धाऱ्याला हातापेक्षा डोंगर आधी माहीत असावा लागतो. दिवस वर आला की उन्हानं उतार तापतात आणि वारा खालून वर चढू लागतो. सांजावलं की थंड हवा घळीतून खाली वाहते. सकाळी बरोबर ठरलेली जागा संध्याकाळी चुकीची ठरते, ती यामुळे. उन्हाळ्यात पाणी कुठल्या डोहात उरतं, मोहाची फुलं कुठे पडतात, पानगळीनंतर कुठल्या वाटेवर पाचोळा वाजत नाही, हे सारं ठाऊक हवं. वानर ओरडलं ते आपल्याला पाहून की बिबट्याला पाहून, हे ओळखता यायला हवं. बाण लागल्यावरही काम संपत नाही. जखमी जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते कोसभर जातं. म्हणून थांबावं लागतं, मग रक्ताचे थेंब आणि मोडलेल्या काडीवरून माग काढावा लागतो. पुष्कळ भिल्ल अंगठा न लावता, पहिल्या दोन बोटांत बाण धरून दोरी ओढतात. एकलव्याचा अंगठा गेला तेव्हापासूनची ही रीत, असं ते सांगतात. ही विद्या पुस्तकात नव्हती. बापाकडून मुलाकडे, पायांनी चालत ती आली.

आता या डोंगराची ओळख नसलेल्या, म्हणजेच पाहुण्या शिकाऱ्यांकडे पाहू. त्यांतला पहिला चित्रातला आहे.

अजिंठ्याची लेणी याच डोंगररांगेत आहेत. देऊळघाटाहून एका दिवसात जाऊन यावं इतकी जवळ. तिथलं दहावं लेणं सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक, इसवी सनाच्या आधीचं. त्याच्या भिंतीवर श्याम जातकाची कथा रंगवलेली आहे. बनारसचा राजा पिलियक्ख मृगमांसाच्या लोभानं राज्य आईवर सोपवून एकटाच हिमालयाच्या अरण्यात जातो. नदीच्या उतारावर त्याला हरिणांची पावलं दिसतात, तेव्हा तो दबा धरून बसतो. तिथे श्याम नावाचा तरुण आपल्या आंधळ्या आईबापांसाठी पाणी न्यायला येतो. त्याच्या भोवती हरिणं निर्धास्त चालत असतात. राजा चकित होतो. हा देव की नाग की माणूस? जवळ जाऊन विचारलं तर तो नाहीसा होईल, असं त्याला वाटतं. म्हणून तो आधी बाण मारतो आणि मग विचारपूस करतो!

पुढे राजा खोटंही बोलतो. ‘हरीण टप्प्यात आलं होतं, तुला पाहून ते बुजलं, म्हणून मला राग आला,’ असं तो सांगतो. श्याम म्हणतो, जाणता झाल्यापासून हरिणं मला कधी बुजलेली नाहीत. तेव्हा राजाची मान खाली जाते. तो आंधळ्या मातापित्यांकडे जाऊन अपराध कबूल करतो, आणि अखेर सत्यवचनाच्या बळावर श्याम पुन्हा उठतो, अशी ती कथा आहे.

ही गोष्ट तुम्हांला ओळखीची वाटली असेल. आपल्या श्रावणबाळाची गोष्ट हीच नव्हे काय? पण एक फरक गुरुजींनी मुलांना अवश्य दाखवावा. दशरथानं श्रावणाला पाहिलंच नव्हतं. घागर भरल्याचा आवाज ऐकून त्याला हत्ती पाणी पितो आहे असं वाटलं आणि त्यानं शब्दवेधी बाण सोडला. पिलियक्खानं मात्र डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही आधी बाण सोडला. एकाचं अज्ञान, दुसऱ्याची घाई. दोन्ही परंपरांनी शिकाऱ्याला बजावलं ते एकच: ओळख पटल्याशिवाय दोरी सोडू नये.

दुसरा पाहुणा शिकारी इतिहासातला आहे. मराठेशाही नुकतीच संपली होती. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीपाशी आला. समोरच्या कड्यात त्याला एक कोरीव कमान दिसली. एका गुराखी पोरानं ती दाखवली असं सांगतात. ते होतं हेच दहावं लेणं. आत शिरून त्यानं खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली; ती आजही आहे. त्या वेळी लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता, त्यावर तो उभा होता. त्यामुळे आज ते नाव माणसाच्या डोक्याहून उंचावर दिसतं. योगायोग पाहा. ज्या भिंतीवर उतावळ्या शिकाऱ्याची कथा दोन हजार वर्षं रंगवलेली होती, तिथेच हा शिकारी येऊन पोहोचला. इतिहासाच्या पुस्तकांत ‘स्मिथनं अजिंठा शोधून काढला’ असं वाचायला मिळतं. पण आसपासच्या गुराख्यांना आणि भिल्लांना ती जागा हरवलेली कधी नव्हतीच. वाट दाखवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच खांबावर नाही.

वाट दाखवणाऱ्यांचं पुढे काय झालं? मराठी अमलात खानदेशातले भिल्ल गावांची आणि घाटवाटांची राखण करीत आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. धामधुमीत ते हक्क बुडाले. भिल्ल डोंगरात गेले आणि लुटालूट सुरू झाली. १८१८ नंतर कंपनी सरकारच्या पलटणी सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांत त्यांच्यामागे हिंडल्या. पण अनोळखी डोंगरात पलटणीला तापाशिवाय फारसं काही मिळालं नाही. तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार १८२५ साली भिल्ल पलटण उभारण्याचं काम जेम्स औट्राम या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. धरणगाव हे तिचं ठाणं झालं. औट्राम भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला, आणि विश्वास मिळाल्यावर त्यांना पलटणीत घेतलं. ज्यांना पकडता येत नव्हतं, त्यांच्याच हाती बंदूक दिली.

इथे एक मोठा पालट झाला, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. तिरकामठ्यानं शिकार करायची तर डोंगर जाणावाच लागे. त्याला इलाज नव्हता. दूरचा पल्ला असलेली बंदूक आली आणि डोंगर न जाणताही मारता येऊ लागलं. साहेबानं मचाणावर बसायचं, हाकेकऱ्यांनी रान उठवायचं. जाणणारा एक आणि मारणारा दुसरा, अशी फाटाफूट झाली. जुने धनुर्धारी सगळे साधुसंत होते असं मात्र कोणी समजू नये. विषारी बाण होते, फासे होते, भूक होती. गाभण मादी सोडून देण्याइतकं पोट नेहमीच भरलेलं नसे. पण बाणाचा पल्ला आखूड असल्यानं त्याच्या विध्वंसालाही आपोआप मर्यादा पडे. बंदुकीनं आणि जंगलतोडीनं ती मर्यादा मोडली, आणि रानं ओस पडू लागली.

मग कायदे आले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची हौशी शिकारही बंद झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींचे जंगलावरचे पुष्कळ परंपरागत हक्क मान्य केले. त्यातून शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. हे योग्यच झालं. तरी एक गोष्ट मनाला लागून राहते. ज्याला या डोंगराची सर्वांत जास्त ओळख होती, त्याच्या हातातला तिरकामठा गुन्ह्याची खूण ठरला, आणि त्याच्याबरोबर ती ओळखही विझू लागली.

शेतकरी बांधव इथे म्हणतील, ‘रोही आणि हरिणांचे कळप आमचं उभं पीक खातात, त्याचं काय?’ हे दुःख खरं आहे. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पंचनामा वेळेवर करून घेणं आणि आपल्या हक्कासाठी नेट धरणं हाच त्याचा रस्ता. पण शेताच्या बांधावर लावलेला विजेचा तार किंवा फासा हा पिलियक्खाच्या बाणाहूनही आंधळा असतो. तो रोही पाहत नाही, बिबट्या पाहत नाही, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेलं शेजाऱ्याचं पोरही पाहत नाही.

बुलढाणा आणि खामगावच्या दरम्यान १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य जाहीर झालं. दोनशे चौरस किलोमीटरांहून थोडं मोठं असं हे रान याच अजिंठा रांगेतलं. तिथे अस्वल, बिबट्या, चितळ, भेकर, रोही आहेत. २०१९ च्या अखेरीस तिथे तिसरा पाहुणा शिकारी आला. तो चार पायांचा होता! यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानातला हा तरुण वाघ. गळ्यात रेडिओचा पट्टा असल्यामुळे त्याची वाट कळत होती. तेलंगणाचा मुलूख आणि आपले जिल्हे ओलांडीत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो ज्ञानगंगेत पोहोचला. वाटेत शेतं होती, रस्ते होते, गावं होती. त्यानं बहुतेक चाल रात्री केली. नव्या डोंगरात हरीण कुठे, पाणी कुठे, हे त्याचं त्यानंच शोधलं. काही काळ तो तिथे एकटाच राहिला. जोडीण काही त्याला मिळाली नाही. नुसतं रान राखून भागत नाही, रानाला रान जोडणाऱ्या वाटाही राखाव्या लागतात, हा धडा त्यानं आपल्याला दिला.

मग त्या जुन्या विद्येला काही उपयोग उरला आहे का? आहे. आपल्या राज्यातल्या अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजण्याची रीत आहे. वैशाखात पाणी आटलेलं असतं, चांदणं लख्ख असतं, आणि तहानलेलं जनावर डोहावर येतं. वारा कुठला ते पाहून बसायचं, पाचोळा वाजू द्यायचा नाही, पावलं ओळखायची, मादी कोण, पाडस कोण हे पारखायचं. सगळं काही त्या धनुर्धाऱ्याचंच, फक्त भात्यात बाण नाही. ‘हा कोण?’ हे आधी विचारायचं आणि तेवढ्यावरच थांबायचं.

गुरुजनहो, तुमच्या शाळेत डोंगराकाठची, वाड्यावस्त्यांवरची मुलं असतील. त्यांच्या आजोबांना एकदा वर्गात बोलवा. घळींची नावं, झऱ्यांची नावं, हरिणांच्या खुरांच्या खुणा त्यांच्याकडून फळ्यावर काढून घ्या, आणि मुलांना वहीत उतरवू द्या. वर त्या आजोबांचं नावही लिहायला लावा.