ऐकण्याची मेहनत आणि डोळ्यातील बाहुली

भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या धानपट्ट्यातल्या गावची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणू. टिनाच्या छपरावर पाऊस कोसळतो आहे आणि गुरुजी तोंडी गणित घालताहेत. मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर पाहतो. ‘लक्ष नाही’ असा शेरा आपण सहज देऊन टाकतो. पण त्याआधी त्याने ऐकण्यासाठी किती धडपड केली, हे कसे कळावे? या धडपडीची एक खूण शास्त्रज्ञांना डोळ्याच्या बाहुलीत सापडली. तिचा इतिहास आपण पाहू.

परितारिका म्हणजे डोळ्यातील रंगीत पडदा. त्याच्या मध्यावरचे छिद्र म्हणजे बाहुली. समोरच्या माणसाला तिच्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून हे नाव. गंमत अशी की लॅटिनमधील ‘प्युपिल्ला’ या शब्दाचा अर्थही छोटी बाहुलीच! लख्ख उजेडात बाहुलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर होतो, तर अंधारात तो ८ मिलिमीटरपर्यंत वाढू शकतो.

मग बाहुली केवळ उजेडालाच ओळखते का? इटलीतील फेलिचे फोन्ताना यांनी १७६५ साली परितारिकेच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. झोपेत तर पापण्या मिटलेल्या असतात, म्हणजे डोळ्यांपुढे अंधार. तरीही झोपेत बाहुली आकसलेली असते, असे त्यांना आढळले. म्हणजेच बाहुलीचा संबंध मेंदूच्या जागेपणाशीही होता.

पुढची मोठी पायरी आली ती जवळजवळ दोनशे वर्षांनी. शिकागो विद्यापीठातील एकार्ड हेस एका रात्री अंथरुणावर पडून प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचे पुस्तक चाळत होते. ‘उजेड कमी असावा, तुमच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या आहेत,’ अशा अर्थाचे काहीतरी त्यांच्या पत्नी म्हणाल्या. उजेड तर पुरेसा होता! हेस यांनी प्रयोग सुरू केले. १९६४ साली त्यांनी व जेम्स पोल्ट यांनी काही जणांना तोंडी गुणाकार घातले. ७×८ पेक्षा १६×२३ करताना बाहुली अधिक मोठी झाली आणि उत्तर सांगून होताच पूर्ववत झाली. नावडते चित्र पाहून बाहुली आकसते, हा हेस यांचा दुसरा दावा मात्र पुढील प्रयोगांत टिकला नाही.

१९६६ साली डॅनियल कानेमन व जॅक्सन बीटी यांनी लोकांना आकडे ऐकवून ते परत म्हणायला लावले. प्रत्येक आकड्यागणिक बाहुली थोडी मोठी होई आणि म्हणताना आकड्यागणिक लहान होई. जणू डोक्यावर एकेक वीट चढत व उतरत होती. हेच कानेमन २००२ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

असे का होते? मेंदूच्या देठात ‘लोकस सेरूलियस’ नावाचा चेतापेशींचा एक छोटासा पुंजका आहे. आपण नेटाने काम करतो तेव्हा त्याचे कार्य वाढते. बाहुली रुंदावण्याशीही त्याचा जवळचा संबंध असल्याचे दिसते. मात्र हा फरक सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो. तो टिपायला कॅमेरा आणि न बदलणारा उजेड लागतो.

हीच युक्ती ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी ऐकण्यासाठी वापरली. गोंगाटात वाक्य ऐकताना श्रोत्याची बाहुली रुंदावते. गोंगाट वाढला की ती आणखी रुंदावते, पण एका मर्यादेपर्यंतच. शब्द जवळजवळ कळेनासे झाले की बाहुली पुन्हा कमी रुंदावते. मेंदूने जणू नाद सोडलेला असतो. २०१८ साली कूलवेन व सहकाऱ्यांनी बरोबर ऐकण्यासाठी कधी मोठे, तर कधी नाममात्र बक्षीस ठेवले. मोठ्या बक्षिसाला बाहुल्या अधिक रुंदावल्या, पण बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढले नाही!

आम्हा शिक्षकांना हा निष्कर्ष विचार करायला लावणारा वाटतो. मेहनत वाढली तरी गुण तेवढेच राहू शकतात. म्हणजे गुणपत्रिकेत मेहनत दिसेलच असे नाही. ऐकण्याची मेहनत दोन गोष्टींवर ठरते: ऐकू येणे शक्य आहे का आणि ते ऐकण्याजोगे वाटते का. यांपैकी एक जरी नसेल, तरी मूल नाद सोडते.

म्हणून वर्गात मुलांच्या बाहुल्या निरखत बसू नका. खिडकीतला उजेड आणि मनातली भीतीही त्या बदलते. त्याऐवजी पाऊस वाढला की मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे बसवा, गणित फळ्यावर लिहा, वाक्य पुन्हा सांगा. पाऊस नसतानाही तो सारखा ‘काय?’ असे विचारत असेल, तर त्याचे कान तपासून घ्यायला पालकांना सांगा. एवढे केल्याशिवाय ‘लक्ष नाही’ हा शेरा लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.