गादीवरचे शिक्षण आणि व्यवस्थापनाची पदवी

गोंडपिपरी, राजुरा, मूल, चामोर्शी या टापूतील आपल्या घराघरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार निघू लागला आहे. मुलगा अथवा मुलगी बी. कॉम. झाली, आता पुढे दोन वर्षे व लक्षावधी रुपये खर्चून एम. बी. ए. करावे किंवा कसे? वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : "व्यापार आपल्या रक्तातच आहे, तो शिकायला परगावी कशाला जायचे?" तरुण म्हणतात की, त्या तीन अक्षरांवाचून आज कोणी दारात उभे करीत नाही. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ही विद्या जन्मास कशी आली व आपल्या मुलखातील व्यापार मधल्या काळात कसा पालटला, याचा विचार त्यात फारसा दिसत नाही. तो थोडक्यात येथे मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या आर्य वैश्य घराण्यांचे पूर्वज तेलंगणातून या बाजूस आले, याची साक्ष आपल्या आडनावांतील 'वार' आजही देतो. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि आठवडी बाजारात कामापुरती गोंडी अशा तीन भाषा ज्याच्या जिभेवर खेळत, तो मुलगा शाळेत फार पुढे न जाताही हुशार ठरे. धान्याची पारख, मोहफुलांतील ओल ओळखणे, उधारी कोणास द्यावी व कोणास नाकारावी, रोजकीर्द सायंकाळीच पुरी करणे, खतावणीत नोंद चढवणे, हे सर्व तो वडिलांच्या शेजारी गादीवर बसून शिके. हे शिक्षण कमी प्रतीचे होते असे कोणी समजू नये. त्याचे सामर्थ्य एका गोष्टीत होते : भांडवल, निर्णय आणि जोखीम ही तिन्ही एकाच घरात नांदत होती. चूक झाली तर तिची झळ त्याच चुलीला लागे, म्हणून धडाही पक्का बसे. मात्र हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, मोह व डिंक आणून देणाऱ्या माणसास त्या खतावणीत डोकावण्याची संधी सहसा मिळत नसे.

व्यवस्थापनाची विद्यापीठीय विद्या उदयास आली ती नेमकी ही तिन्ही एका घरातून फुटून निघाली तेव्हा. अमेरिकेत रेल्वे व पोलाद कंपन्या अवाढव्य झाल्या. भांडवल हजारो भागधारकांचे, कारभार मात्र पगारी माणसांचा, अशी स्थिती आली. मालकाच्या पोटी जन्म न घेतलेल्या माणसास कारभार शिकवायचा कोठे? वॉर्टन नावाच्या कारखानदाराच्या देणगीतून १८८१ साली फिलाडेल्फियास पहिली शाळा निघाली. १९०० मध्ये डार्टमथ महाविद्यालयाने पदव्युत्तर शाळा काढली. आणि १९०८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने आपली शाळा काढून एम. बी. ए. ही पदवी सुरू केली. हार्वर्डने पुढे शिकविण्याची जी पद्धत रूढ केली ती आपल्यास अपरिचित वाटू नये. एखाद्या पेढीवर आलेला खराखुरा पेच विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा आणि 'तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?' असे विचारायचे. गादीवर वडील हेच करीत. फरक इतकाच की, तेथे पेच एकाच दुकानाचे असत.

आपल्याकडे या शिक्षणाचा पाया मुंबईस १९१३ साली स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयाने घातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगारातील बचत, शाहू महाराजांचे साह्य व मित्राचे कर्ज यांच्या जोरावर ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. आधी नोकरी, मग बचत, मग वरचे शिक्षण, हा त्यांचा क्रम आजच्या तरुणांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विदर्भात वर्ध्याच्या शिक्षा मंडळाने १९४० साली गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले व १९४५ साली नागपुरास दुसरे. पदव्युत्तर व्यवस्थापनाच्या संस्था त्यानंतरच्या : कलकत्त्यास १९५३ मध्ये, पुढे १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे केंद्र सरकारच्या दोन संस्था, आणि १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था, जिला स्टॅनफर्ड विद्यापीठाचे साह्य होते. नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था तर २०१५ मधली. या केंद्रीय संस्था २०१७ चा कायदा होईपर्यंत पदवी देत नसत, पदविका देत. आणि तरीही त्यांची प्रतिष्ठा कमी नव्हती. पदवीच्या नावावर भाळणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

अहमदाबादच्या संस्थेची एक हकीकत आपल्या अरण्यप्रदेशाशी जवळचे नाते सांगणारी आहे. तिचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये पद सोडले आणि त्याच संस्थेत ते साधे प्राध्यापक म्हणून राहिले. पुढे १९७५ पासून त्यांनी राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात विणकर व चर्मकार यांच्याबरोबर काम आरंभिले. व्यवस्थापनशास्त्र मोठ्या कंपन्यांपुरतेच आहे की गरीब कारागिरांसही आपला माल स्वतः विकण्यास ते उपयोगी पडते, हे त्यांना पडताळून पाहावयाचे होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा होऊन चांद्याचा मुलूख दक्षिणेशी जोडला गेला. १९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढे येथल्या जंगलातील बांबू तिकडे जाऊ लागला. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानांसारख्या वनोपजाचा व्यापार सरकारने आपल्या नियंत्रणाखाली घेतला. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली व पुढे काही दशके चालली. प्रत्येक वेळी गादीवरच्या विद्येचा एकेक प्रांत कमी होत गेला. परंतु सर्वांत मोठा पालट झाला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. बांबू हे गौण वनोपज ठरले आणि ते गोळा करून विकण्याचा हक्क ग्रामसभेकडे आला. आपल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या छोट्या गावास २०१२ साली सुमारे १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूची तोड, मोजणी, विक्री आणि हिशेब ही सर्व कामे तेथील ग्रामसभा स्वतः करू लागली. तेंदूपाने तोडण्यासाठी झाडे छाटावी लागतात व जंगलास आगी लागतात, म्हणून हाती येणारे ते उत्पन्न त्या गावाने आपखुशीने सोडले. माझ्या मते हा निर्णय कोणत्याही व्यवस्थापन संस्थेच्या वर्गात चर्चेस ठेवावा इतक्या तोलाचा आहे.

आपल्यापैकी काहींना ही हकीकत कडू लागेल, कारण तिच्यात मधल्या व्यापाऱ्यास जुनी जागा उरलेली नाही. पूर्वी बंद असलेली खतावणी आता ग्रामसभेत सर्वांदेखत उघडते. तथापि विक्रेता बदलला म्हणून विक्रीतील अडचणी नाहीशा होत नाहीत. लिलावाच्या अटी कशा लिहाव्यात, साठवणीत माल खराब कसा होऊ नये, दर पडले असता थांबावे की विकावे, कर व परवाने कसे सांभाळावेत, हे प्रश्न गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांपुढेही आहेत. हे काम जाणणारी, हिशेब दाखविण्यास न बिचकणारी माणसे त्यांना हवी आहेत. आपल्या मुलांजवळ बाजाराची व भाषांची जाण आहे; दुसऱ्याच्या भांडवलाचा हिशेब दुसऱ्यास द्यावयाची सवय मात्र आपल्या गादीने त्यांना लावली नाही. ही सवय लागावी म्हणून पुढे शिकावयाचे असेल तर ते शिक्षण अवश्य घ्यावे. केवळ घरचे दुकान चालवावयाचे असेल तर दोन वर्षे व तेवढे भांडवल दुकानातच घालणे शहाणपणाचे होईल. आणि लग्नाच्या बाजारात वजन वाढावे म्हणून जे पदवी घेतात त्यांच्याविषयी येथे काही लिहीत नाही.

शिकण्याचे ठरल्यावर कसे शिकावे? पदवीनंतर लागलीच न जाता दोन-तीन वर्षे परक्याची नोकरी करावी, असे मी आग्रहाने म्हणेन; ज्याने मालकाची बोलणी खाल्ली नाहीत त्याला वर्गातले पेच पुस्तकीच वाटतात. नामांकित केंद्रीय संस्थांचे शुल्क आज वीस लाखांच्या आसपास वा त्याहूनही अधिक असते. जमनालाल बजाजसारख्या विद्यापीठाच्या संस्थेत ते पुष्कळ कमी. चांगल्या संस्थेसाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढण्यात वावगे नाही. परंतु जेथे प्रवेश परीक्षेतील गुणांची कोणी फिकीर करीत नाही, केवळ पैसे मागितले जातात, अशा ठिकाणी जाण्यासाठी धानाचे शेत विकू नये. ज्यास घर सोडणे शक्य नाही त्याच्यासाठी मुक्त विद्यापीठे आहेत : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८७ साली जे पहिले अभ्यासक्रम सुरू केले त्यांत व्यवस्थापन होतेच.

वनोपजाकडे ओढा असणाऱ्यांनी भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था (१९८२) व पुण्याची वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था यांची माहिती घ्यावी. आपल्या भागात त्यांची नावे फारशी ऐकू येत नाहीत. बांबूचे काम प्रत्यक्ष पाहावयाचे तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीस २०१४ साली स्थापन झालेले बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मुलींच्या बाबतीत खर्चाचा प्रश्न आपण अधिक कठोरपणे विचारतो. वास्तविक कित्येक घरांत उधारीची वही आईनेच सांभाळली आहे. तेव्हा तोच प्रश्न मुलांच्या बाबतीतही तितक्याच कठोरपणे विचारला जावा.

सभेने आपल्या शिक्षण निधीतून दोन वर्षे नोकरी केलेल्या अर्जदारांना, मुलगा असो वा मुलगी, परीक्षेचे शुल्क व नागपूरच्या मुलाखतीचा प्रवासखर्च बिनव्याजी द्यावा, आणि परतफेडीचा हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत नावांसह छापावा, अशी माझी सूचना आहे.