उणे पंधरा गुणांनी सुरू झालेला हंगाम : हार्ट्स क्लब आणि त्याचे पाठीराखे

स्कॉटलंडमधील व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो. पाठीराख्यांसाठी मात्र तो त्याआधी दोन-तीन महिने सुरू झालेला असतो. मे महिन्यात जुना हंगाम संपतो, जूनमध्ये नव्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर होते आणि याच काळात क्लब संपूर्ण हंगामाच्या तिकिटांची, म्हणजेच सीझन तिकिटांची, विक्री करतात. संघात कोण राहणार, कोण येणार, प्रशिक्षक टिकणार की नाही, यांतील काहीही निश्चित नसताना पाठीराखा वर्षभराचे पैसे आगाऊ भरतो. स्कॉटिश क्लबांचे अर्थकारण या आगाऊ विश्वासावर किती अवलंबून असते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे एडिनबराचा ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ हा क्लब. २०१३ मध्ये या क्लबने उणे १५ गुणांनी हंगामाची सुरुवात केली. त्यानंतर आठ वर्षांनी त्याच क्लबची मालकी त्याच्या पाठीराख्यांकडे आली.

क्लब आणि त्याचा परिसर

‘हार्ट्स’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्लबची स्थापना १८७४ मध्ये झाली. ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ हे एडिनबरामधील जुन्या तुरुंगाचे लोकप्रचलित नाव होते. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१८ मधील कादंबरीमुळे ते सर्वदूर पोहोचले. तुरुंगाची इमारत त्याआधीच पाडण्यात आली होती. आज त्या जागी, सेंट जाइल्स कॅथीड्रलजवळच्या फरसबंदीत, दगडांनी रेखलेली हृदयाची आकृती दिसते. हीच आकृती क्लबच्या बोधचिन्हात आहे.

१८८६ पासून क्लबचे मैदान शहराच्या पश्चिमेकडील गॉर्गी भागातील टाइनकॅसल हे आहे. सुमारे २० हजार प्रेक्षकांची क्षमता असलेले हे मैदान रहिवासी इमारतींच्या दाटीत वसलेले असून प्रेक्षकांची आसने खेळपट्टीच्या अगदी लगत आहेत. संघाचा पोशाख गडद तांबूस रंगाचा, ज्याला सर्वसाधारणपणे मरून म्हटले जाते, तसा आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेला आणि लीथ भागाशी नाते सांगणारा हायबर्नियन हा क्लब हार्ट्सचा शहरातील परंपरागत प्रतिस्पर्धी आहे.

हार्ट्सने १८९५, १८९७, १९५८ आणि १९६० असे चार वेळा लीग विजेतेपद मिळवले, तर स्कॉटिश चषक आठ वेळा जिंकला. ग्लासगोतील सेल्टिक आणि रेंजर्स या दोन बलाढ्य क्लबांच्या तुलनेत ही संख्या छोटी आहे. १९८५ मध्ये अॅबर्डीनने विजेतेपद मिळवले. त्यानंतर २०२५ पर्यंतच्या ४० वर्षांत लीगचे विजेतेपद या दोन क्लबांखेरीज कोणालाही मिळाले नाही. त्यामुळे उर्वरित क्लबांचे पाठीराखे हंगामाच्या आरंभी विजेतेपदाची अपेक्षा क्वचितच बाळगतात. शहरातील प्रतिस्पर्ध्यावर मात, चषक स्पर्धेतील वाटचाल, युरोपीय स्पर्धेतील प्रवेश आणि श्रेणी टिकवणे, ही त्यांच्या अपेक्षांची खरी मोजपट्टी असते.

हंगामाची रचना

२०१३ मध्ये स्कॉटलंडमधील दोन लीग संस्थांचे विलीनीकरण होऊन ‘स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग’ अस्तित्वात आली. तिच्या चार श्रेणींत एकूण ४२ क्लब आहेत. प्रीमियरशिप या सर्वोच्च श्रेणीत १२ संघ असून उर्वरित तीन श्रेणींत प्रत्येकी दहा संघ खेळतात. प्रीमियरशिपमध्ये प्रत्येक संघ अन्य संघांशी तीन-तीन सामने खेळतो. ३३ सामन्यांनंतर गुणतालिकेचे दोन भाग पडतात आणि वरचे सहा व खालचे सहा संघ आपापल्या गटात आणखी पाच सामने खेळतात. अखेरच्या क्रमांकावरील संघ थेट खालच्या श्रेणीत जातो, तर ११व्या क्रमांकावरील संघाला प्ले-ऑफ सामन्यातून आपले स्थान राखावे लागते.

लीगपूर्वी, जुलै महिन्यात, लीग चषकाचे गट सामने होतात. या सामन्यांत नव्या खेळाडूंची पहिली पारख होते. शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू होण्याची जुनी प्रथा अद्याप टिकून आहे. भारतीय प्रमाणवेळेनुसार तेव्हा सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधील घड्याळे तासभर मागे नेली जातात आणि त्यानंतर हीच वेळ भारतात रात्री साडेआठची होते.

शेजारच्या इंग्लंडमधील प्रीमियर लीगला दूरचित्रवाणी हक्कांतून मिळणाऱ्या रकमेच्या तुलनेत स्कॉटिश क्लबांच्या वाट्याला येणारी रक्कम अत्यल्प असते. परिणामी, प्रवेशद्वारावर जमा होणारा पैसा हा येथील क्लबांच्या उत्पन्नाचा कणा आहे. उन्हाळ्यात सामने नसल्याने उत्पन्न आटते, खेळाडूंचे वेतन मात्र द्यावेच लागते. ही पोकळी सीझन तिकिटांच्या विक्रीने भरून निघते.

सुरुवात चांगली, शेवट वेगळा

हंगामाची दमदार सुरुवात पुढील काळाची हमी देत नाही, हा धडा हार्ट्सच्या पाठीराख्यांना इतिहासाने दोनदा दिला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले असतानाच हार्ट्सने सेल्टिकला २-० असे नमवून लीगचा आरंभ केला आणि पहिले आठही सामने जिंकले. संघ अग्रस्थानी होता. परंतु धडधाकट तरुण मैदानावर खेळत असताना इतरांनी रणांगणावर जावे काय, असा प्रश्न जाहीरपणे विचारला जाऊ लागला. नोव्हेंबरमध्ये सर जॉर्ज मॅक्रे यांनी उभारलेल्या पलटणीत हार्ट्सचे ११ खेळाडू एकाच वेळी दाखल झाले. त्यांच्यापाठोपाठ शेकडो पाठीराख्यांनीही नावे नोंदवली. लष्करी कवायती आणि सामने अशी दुहेरी ओढाताण सोसत संघाने हंगाम पूर्ण केला. विजेतेपद मात्र सेल्टिककडे गेले. महायुद्धात हार्ट्सच्या पहिल्या संघातील सात खेळाडू मृत्युमुखी पडले. त्यांतील तिघे १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी कामी आले. एडिनबरामधील हेमार्केट येथे १९२२ मध्ये उभारलेल्या घड्याळाच्या स्मारकापाशी आजही दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पाठीराखे एकत्र येतात.

पहिल्या आठ विजयांची पुनरावृत्ती २००५ मध्ये झाली. लिथुआनियातील उद्योजक व्लादिमीर रोमानोव्ह यांनी क्लबचा ताबा घेतला होता आणि जॉर्ज बर्ली प्रशिक्षक होते. संघ अपराजित राहून अग्रस्थानी असताना ऑक्टोबरमध्ये बर्ली यांना पद सोडावे लागले. हार्ट्सने त्या हंगामात रेंजर्सला मागे टाकून दुसरे स्थान मिळवले आणि स्कॉटिश चषकही जिंकला. मात्र क्लबचे भवितव्य एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून आहे, ही जाणीव पाठीराख्यांमध्ये तेव्हापासून मूळ धरू लागली.

२०१३ : उणे पंधरा

१९ मे २०१२ रोजी हार्ट्सने स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात हायबर्नियनचा ५-१ असा पराभव केला. क्लबच्या इतिहासातील हा अत्यंत आनंदाचा दिवस होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये थकीत कराच्या रकमेमुळे क्लब बंद पडू शकतो, असा इशारा क्लबलाच द्यावा लागला. पाठीराख्यांनी क्लबचे समभाग विकत घेऊन दहा लाखांहून अधिक पाउंड जमा केले आणि ती वेळ निभावली.

तथापि मूळ दुखणे कायम होते. रोमानोव्ह यांच्याशी संबंधित ‘उकियो बँकास’ ही लिथुआनियातील बँक २०१३ च्या आरंभी कोसळली. हार्ट्सवरील सुमारे अडीच कोटी पाउंड कर्जाचा मोठा भाग याच बँकेचा होता. जून २०१३ मध्ये क्लबवर प्रशासक नेमण्यात आले. नियमानुसार, आधीच्या हंगामातील गुणांच्या एक तृतीयांश इतके गुण वजा करण्याची शिक्षा झाली. हार्ट्सने ४४ गुण मिळवले होते. त्यामुळे नव्या हंगामाची सुरुवात उणे १५ गुणांनी करावी लागली. नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर निर्बंध आल्याने प्रशिक्षक गॅरी लॉक यांना प्रामुख्याने क्लबच्या युवा प्रशिक्षणातून आलेल्या मुलांवर भिस्त ठेवावी लागली.

प्रशासकांसमोरचा पहिला प्रश्न क्रीडाविषयक नव्हता. हंगाम सुरू होईपर्यंत वेतन व दैनंदिन खर्च भागवायचा कसा, हा तो प्रश्न होता. त्यांनी पाठीराख्यांना सीझन तिकिटे घेण्याचे आवाहन केले. ही खरेदी साधी नव्हती. क्लबच बंद पडला, तर भरलेल्या पैशांच्या बदल्यात एकही सामना पाहायला मिळणार नव्हता. तरीही विक्री १० हजारांच्या पुढे गेली.

लीगमधील पहिला सामना हार्ट्सने सेंट जॉन्स्टनविरुद्ध गमावला. दुसरा सामना ११ ऑगस्ट रोजी टाइनकॅसलवर हायबर्नियनविरुद्ध होता. १८ वर्षांच्या कॅलम पॅटरसनने केलेल्या एकमेव गोलवर हार्ट्सने तो जिंकला. गुणतालिकेत उणे १५ च्या जागी उणे १२ हा आकडा आला. इतरांच्या दृष्टीने संघ अजूनही तळाशीच होता. पाठीराख्यांनी मात्र तो विजय चषक जिंकल्याप्रमाणे साजरा केला.

हंगामाअखेर हार्ट्सने मैदानावर ३८ गुण मिळवले. ते ११व्या क्रमांकावरील हायबर्नियनपेक्षा तीन गुणांनी अधिक होते. शिक्षेचे १५ गुण वजा जाता हातात २३ उरले आणि संघाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. प्ले-ऑफमधील पराभवामुळे हायबर्नियनलाही त्याच वाटेने जावे लागले.

पाठीराख्यांकडून मालकीकडे

या काळात ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ ही पाठीराख्यांची संस्था आकार घेत होती. तिची कार्यपद्धती महाराष्ट्रातील सहकार चळवळीशी परिचित असलेल्या वाचकाला सहज उमगेल. अनेकांनी थोडे थोडे भांडवल उभारायचे आणि निर्णयाचा अधिकार सभासदांकडे ठेवायचा. लाभांश मात्र कोणालाही मिळत नाही. पाठीराखे साधारणतः दरमहा १० पाउंडांपासून पुढे, ऐपतीप्रमाणे, आपल्या बँक खात्यातून रक्कम वळती करतात.

हजारो लोकांकडून दरमहा येणारा पैसा खात्रीचा असला, तरी कर्जदात्यांना एकरकमी रक्कम हवी होती. ही अडचण माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील उद्योजिका आणि हार्ट्सच्या पाठीराख्या अॅन बज यांनी दूर केली. त्यांनी सुमारे २५ लाख पाउंड पुरवून मे २०१४ मध्ये क्लब ताब्यात घेतला. पाठीराख्यांच्या संस्थेने वर्गणीतून क्लबच्या खर्चाला हातभार लावायचा, पुढे बज यांची रक्कम फेडायची आणि समभाग आपल्याकडे घ्यायचे, असा करार झाला. जूनमध्ये क्लब प्रशासकांच्या नियंत्रणातून मुक्त झाला.

१० ऑगस्ट २०१४ रोजी दुसऱ्या श्रेणीतील पहिला सामना ग्लासगोतील आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सविरुद्ध झाला. रेंजर्सने भरपाई वेळेत बरोबरी साधली. मात्र पुढच्याच क्षणी उस्मान सोने केलेल्या गोलमुळे हार्ट्सने सामना २-१ असा जिंकला. त्या हंगामात संघाने ९१ गुणांची कमाई करीत, दुसऱ्या क्रमांकावरील हायबर्नियनपेक्षा २१ गुण अधिक मिळवून विजेतेपदासह सर्वोच्च श्रेणीत पुनरागमन केले.

त्यानंतरचा मार्ग सरळ नव्हता. २०१७ मध्ये नव्या मुख्य प्रेक्षागाराचे बांधकाम लांबल्याने हंगामाच्या सुरुवातीचे काही घरचे सामने मरेफील्ड या रग्बीच्या मैदानावर खेळावे लागले. २०२० मध्ये करोनामुळे हंगाम अर्धवट थांबवण्यात आला, तेव्हा तळाशी असलेल्या हार्ट्सला पुन्हा खालच्या श्रेणीत जावे लागले. त्या वर्षी नवा हंगाम ऑक्टोबरमध्ये रिकाम्या मैदानावर सुरू झाला. हार्ट्सने डंडीवर ६-२ असा विजय मिळवला, पण तो पाहण्यासाठी टाइनकॅसलवर प्रेक्षक नव्हते. हंगामाअखेर संघ पुन्हा वर आला. ३१ जुलै २०२१ रोजी मर्यादित प्रेक्षकांच्या उपस्थितीत, जॉन सुटारच्या उत्तरार्धातील अखेरच्या मिनिटांमधील गोलमुळे, त्याने सेल्टिकला २-१ असे पराभूत केले.

३० ऑगस्ट २०२१ रोजी अॅन बज यांनी ७५.१ टक्के समभाग फाउंडेशनकडे सुपूर्द केले. त्या वेळी सुमारे आठ हजार पाठीराखे नियमित वर्गणी देत होते आणि हार्ट्स हा ब्रिटनमधील पाठीराख्यांच्या मालकीचा सर्वांत मोठा क्लब ठरला.

मर्यादा आणि पुढील दिशा

पाठीराख्यांच्या मालकीमुळे विजेतेपदे आपोआप मिळत नाहीत. सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या उत्पन्नाशी वर्गणीच्या बळावर बरोबरी करणे शक्य नाही. म्हणूनच २०२५ मध्ये ब्रायटन या इंग्लिश क्लबचे अध्यक्ष टोनी ब्लूम यांच्याकडून सुमारे ९८.६ लाख पाउंडांची गुंतवणूक स्वीकारण्याचा प्रस्ताव फाउंडेशनच्या सभासदांपुढे ठेवण्यात आला. सभासदांनी तो प्रचंड बहुमताने संमत केला. त्यानुसार ब्लूम यांना २९ टक्के समभाग मिळाले, पण त्यांना मताधिकार नाही. बाहेरचा पैसा घ्यायचा, मात्र नियंत्रण सोडायचे नाही, ही २०१३ च्या अनुभवातून आलेली सावधगिरी या अटीत दिसते.

संघ पराभूत झाल्यावर प्रशिक्षकाला दोष देणे, खेळाडूंच्या निवडीवर वाद घालणे, पहिल्या दोन सामन्यांवरून साऱ्या हंगामाचे भाकीत करणे, हे सारे गॉर्गीतही इतर ठिकाणांसारखेच चालते. फरक इतकाच की, तेथे तक्रार करणारा बहुधा सभासदही असतो. जूनमध्ये वेळापत्रक जाहीर होते, सीझन तिकिटाचे नूतनीकरण होते आणि त्या महिन्याची वर्गणी ठरल्या तारखेला खात्यातून वळती होते. पहिला सामना त्यानंतर कित्येक आठवड्यांनी असतो.