उकिरड्याचा कायदा : रतलामच्या रहिवाशांनी काय करून दाखवलं



पडीक जागा आपल्या प्रत्येक गावात असते. मालक शहरात, कुंपण मोडलेलं. पावसाळ्यात गाजरगवत कमरेएवढं वाढतं, मग कुणीतरी पाटीभर कचरा टाकतं आणि बघता बघता उकिरडा होतो. साप, विंचू, डास आलेच. बोलायला जावं तर उत्तर ठरलेलं : "जागा माझी, तुमचं काय जातं?"

याचं उत्तर कायद्यात फार जुनं आहे. १८६० साली इंग्रज सरकारनं भारतीय दंड संहिता केली. तिच्या कलम २६८ मध्ये 'सार्वजनिक उपद्रव' म्हणजे काय ते सांगितलं. आसपास राहणाऱ्या लोकांना इजा, धोका किंवा त्रास होईल असं काही करणं हा उपद्रव. कायद्यानं जे करायला हवं ते न करणं, हाही उपद्रवच. आणि त्यात कुणाची सोय होते म्हणून तो माफ होत नाही.

पण कायदा होता सरकारच्या हातात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. साफसफाईच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, सामान बाहेर फेकलं, बायाबापड्यांची विटंबना झाली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. स्वच्छता दोन्हीकडे होती. एकीकडे धाक होता, दुसरीकडे माया.

स्वातंत्र्यानंतर जबाबदारी गावाकडे आली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीच्या कामांची यादी आहे. त्यात कचऱ्याचे ढीग, माजलेलं रान, अगदी निवडुंगसुद्धा काढून टाकण्याचं काम लिहिलेलं आहे.

आणि पंचायत किंवा नगरपालिकाच हात वर करू लागली तर? याचा निकाल मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी लावून घेतला. त्यांच्या वस्तीत उघडी गटारं होती, दारूच्या कारखान्याचं घाण पाणी वाहत होतं, गरिबांना संडास नव्हते. लोकांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला : पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. गटारं नीट करा, आणि बाया-पुरुषांसाठी वेगवेगळे संडास सहा महिन्यांत बांधा. सोजिरांच्या काळात जो कायदा वरून खाली आला, तो इथं लोकांनी खालून वर चालवला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. व्याख्या तीच आहे, फक्त कलम आता २७०. पूर्वी दंड दोनशे रुपयांपर्यंत होता, आता एक हजारापर्यंत. दंड किरकोळच आहे. खरी ताकद आहे ती उपद्रव हटवण्याच्या हुकमात. तो हुकूम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांतसाहेब देऊ शकतात : इतक्या दिवसांत हटवा, नाहीतर हजर होऊन कारण सांगा.

तेव्हा बायांनो, तोंडी भांडणात दिवस घालवू नका. जागेचा फोटो घ्या, तारीख घाला, बचत गटाच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. तिथं हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या. तरीही काही हललं नाही, तर तोच कागद प्रांताच्या कचेरीत न्या.

एक मात्र जपायचं. ज्या बाईला कचरा टाकायला दुसरी जागाच नाही, तिच्यावर हा कायदा उगारायचा नाही. तिच्यासाठी आधी कचऱ्याचा खड्डा मागायचा. रतलामच्या निकालानंही गरिबांना हाकललं नाही, त्यांना संडास मिळवून दिले.