पाहायलाच हवेत असे युद्धपट : पडद्यावर काय खरं आणि काय रचलेलं?

भिवंडी तालुक्यातलं दापोडे म्हटलं की डोळ्यासमोर येतात ती गोदामं. कंटेनरच्या रांगा आणि रात्रंदिवस चालणारी मालाची चढउतार. पण हा सगळा पट्टा एकेकाळी लढायांचा होता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीकाठी मराठी आरमाराची सुरुवात झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेचा नवस फेडण्यासाठी बांधलेलं वज्रेश्वरीचं मंदिर याच तालुक्यात आहे.

आज मात्र बहुतेकांना लढाई कळते ती मोबाईलच्या पडद्यावरून. कधी संपूर्ण चित्रपट, तर कधी तीस सेकंदांची रील. अडचण इथेच आहे. चित्रपटातलं दृश्य 'खरा इतिहास' म्हणून फिरतं आणि वाचलेला सैनिकही लोकांच्या लेखी शहीद ठरतो. म्हणून ही यादी देताना प्रत्येक चित्रपटामागची खरी गोष्टही सोबत दिली आहे.

१. डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६)

१९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे डॉक्टर परतले, कोटणीस तिथेच राहिले. आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, चिनी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट केला. कोटणीसांची भूमिकाही त्यांनीच केली, तर पत्नीच्या भूमिकेत जयश्री होत्या. संगीत वसंत देसाईंचं.

खरं काय? चित्रपटात कोटणीसांना साथीच्या रोगाची लागण होताना दिसते. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांमुळे झाला. पण बंदूक हातात न घेणारा माणूस युद्धपटाचा नायक होऊ शकतो, हे दाखवणारा हा फार आधीचा भारतीय चित्रपट आहे.

२. हकीकत (१९६४)

चेतन आनंद यांचा हा चित्रपट १९६२च्या चीन युद्धावर आहे. बलराज साहनी, धर्मेंद्र आणि लडाखचा उजाड निसर्ग. जिंकलेल्या लढाईवर चित्रपट काढणं सोपं असतं. इथे हार झालेली होती आणि जखम ताजी होती. तुटपुंजी शस्त्रं घेऊन मागे हटणारी तुकडी हा चित्रपट काहीही न लपवता दाखवतो.

खरं काय? कथा काल्पनिक असली तरी तिच्यामागे रेझांग लाची आठवण आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊंची एक कंपनी तिथे लढली आणि तिच्यातले शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले. काही महिन्यांनी बर्फात त्यांचे देह सापडले, तेव्हा अनेकांच्या हातात शस्त्रं तशीच होती.

एक गैरसमजही दूर करायला हवा. लता मंगेशकरांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायलेलं, कवी प्रदीप यांनी लिहिलेलं आणि सी. रामचंद्र यांनी संगीत दिलेलं सुप्रसिद्ध गीत याच युद्धातल्या शहिदांसाठी होतं. पण ते 'हकीकत'मधलं नाही, किंबहुना कुठल्याच चित्रपटासाठी लिहिलेलं नव्हतं.

३. प्रहार (१९९१)

नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट रूढ अर्थाने युद्धपट नाही. पहिला भाग कमांडो प्रशिक्षणाचा आहे, दुसरा मुंबईच्या गल्लीतला. मेजर चव्हाणच्या हाताखाली तयार झालेला पीटर एका कारवाईत पाय गमावतो. घरी परतल्यावर हप्ता द्यायला नकार देतो म्हणून गुंड त्याला ठार मारतात आणि शेजारीपाजारी गप्प बसतात. मेजरला पडलेला प्रश्न साधा आहे : सीमेवर ज्यांच्यासाठी लढायचं, ते स्वतःच्या दारात का लढत नाहीत?

खरं काय? या भूमिकेसाठी नानांनी मराठा लाइट इन्फंट्रीसोबत प्रशिक्षण घेतलं होतं. पुढे लष्करप्रमुख झालेले व्ही. के. सिंग यात लष्करी अधिकारी म्हणूनच दिसतात. शेवट पटो न पटो, प्रशिक्षणाची दृश्यं आजही अस्सल वाटतात.

४. बॉर्डर (१९९७)

जे. पी. दत्तांचा हा चित्रपट लोंगेवालाच्या लढाईवर आहे. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री राजस्थानच्या वाळवंटात मेजर कुलदीप सिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांसमोर पाकिस्तानी रणगाडे उभे ठाकले. भारतीय हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती. त्यामुळे उजाडेपर्यंत ठाणं टिकवायचं होतं. पहाट होताच जैसलमेरहून विमानं आली आणि उघड्या वाळवंटातल्या रणगाड्यांचा खुर्दा उडाला.

खरं काय? चित्रपटात एकामागून एक जवान शहीद होतात. प्रत्यक्षात या ठाण्यावरच्या भारतीय बाजूची जीवितहानी अगदी कमी होती, दोन जवानांची. सुनील शेट्टींनी रंगवलेले भैरोसिंग पडद्यावर प्राणार्पण करतात. खरे भैरोसिंग राठोड जिवंत परतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला त्यांचं निधन झालं. म्हणजे पंचवीस वर्षं हा माणूस जिवंत होता आणि लाखो प्रेक्षक त्याला शहीद समजत होते!

५. पावनखिंड (२०२२)

दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित मराठी चित्रपट. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले. शिवा काशीद यांनी महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला चकवलं आणि बाजीप्रभू देशपांडे बांदल मावळ्यांसह घोडखिंडीत उभे राहिले. बाजीप्रभूंच्या भूमिकेत अजय पुरकर आहेत.

खरं काय? मूळ घटना इतिहासात पक्की आहे. संवाद, प्रत्येक वाराचे तपशील आणि शत्रूच्या फौजेचे आकडे मात्र पडद्यासाठीचे समजावेत. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही : विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. खिंड लढत असताना महाराजांनाही वाट काढण्यासाठी लढावं लागलं.

६. चंदू चॅम्पियन (२०२४)

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धा होते. १९६५च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण.

खरं काय? कबीर खान यांच्या चित्रपटात नाट्य वाढवलेलं आहे, पण मुख्य टप्पे खरे आहेत. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर तब्बल ४६ वर्षांनी. युद्ध संपल्यावर जखमी सैनिकाचं काय होतं, हे यातून कळतं.

जगातले तीन, जे चुकवू नयेत

ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट : पहिल्या महायुद्धात उत्साहाने भरती झालेल्या जर्मन मुलांची गोष्ट. १९३०च्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. बर्लिनमध्ये नाझींनी त्याचे खेळ उधळले आणि त्यावर बंदी आली. २०२२ च्या जर्मन आवृत्तीने चार ऑस्कर मिळवली.

ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज (१९८८) : बॉम्बवर्षावात आई गमावलेल्या जपानी भावाबहिणीची अ‍ॅनिमेशनमधली कथा. यात रणांगण जवळजवळ नाहीच, आहे ती भूक. 'कार्टून आहे' म्हणून लहान मुलांना एकटं लावून देऊ नका.

कम अँड सी (१९८५) : बेलारूसमध्ये नाझींनी जाळलेल्या गावांची कहाणी, एका किशोरवयीन मुलाच्या नजरेतून. जाळलेल्या गावांचा आकडा चित्रपटाच्या अखेरीस येतो : ६२८. फार अस्वस्थ करणारा चित्रपट आहे, तयारीने पाहा.

क्लिप फॉरवर्ड करण्याआधी

सीमेवर तणाव वाढला की चित्रपटांतली, अगदी व्हिडिओ गेममधली दृश्यंसुद्धा 'आत्ताचा हल्ला' म्हणून फिरतात. एखादी क्लिप आली तर तीन गोष्टी पाहा. कॅमेरा वेगवेगळ्या कोनांतून तीच घटना दाखवतोय का? पार्श्वसंगीत आहे का? तारीख आणि ठिकाण दिलंय का? शंका आली तर त्यातलं एक चित्र घेऊन इमेज सर्च करा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि जे चित्रपट अजून यायचे आहेत

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत सगळे साथीदार पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते ठाणं घेतलं आणि तिथेच मारले गेले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी गोळीबारात जखमी साथीदारांना सेनिओ नदीपार नेलं आणि मग परत जाऊन शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांच्यावर गाजलेला मोठा चित्रपट नाही आणि म्हणून फारशा रीलही नाहीत.

चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेचंही तेच. दापोड्याहून वज्रेश्वरी फार दूर नाही. किल्ल्यासारखी तटबंदी असलेलं ते मंदिर पाहून या आणि मग एखादा युद्धपट लावा. पडद्यावर आलेल्या लढायांइतक्याच न आलेल्याही खऱ्या होत्या, हे लक्षात राहील.