पोच

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २५०० होतात. इन्कम टॅक्सवर आपण तासन् तास बोलू, पण हे २०० रुपये कुठे जातात असं घरात कोणी कोणाला विचारल्याचं मला तरी आठवत नाही. हा कर १९७५ साली बसवला, तो खेड्यात हाताला काम नसलेल्या माणसाला काम देता यावं म्हणून. शहरातल्या पगारदारांनी द्यायचं, सरकारने तेवढीच रक्कम त्यात घालायची आणि त्यातून रोजगार हमी योजना चालवायची. (वाहनं, बागायती जमीन यांवरही थोडा थोडा भार टाकला होता, पण मोठा वाटा व्यवसाय कराचाच.)

गरिबीवर आपल्याकडे योजनांची वाण कधीच नव्हती. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी हिशेब मांडून दाखवला की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक पोटाला पुरेल इतकाही खर्च करू शकत नव्हते. त्याच वर्षी 'गरिबी हटाओ'वर निवडणूक जिंकली गेली. पुढे १९८० मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर पोचला. गरीब कुटुंबाला कर्ज आणि अनुदान देऊन म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन असं काहीतरी घेऊन द्यायचं. तालुक्याला आकडा ठरलेला. मार्चअखेर आकडा पुरा झाला की साहेब सुटले. म्हैस जगली, विकली गेली, की मुळात गोठ्यात आलीच नाही, याचं उत्तर जिच्या नावावर म्हैस होती तिला कोणी देणं लागत नव्हतं. उत्तर वर द्यायचं, आणि वर फक्त आकडा लागायचा.

रोजगार हमी वेगळी ठरली ती इथेच. तिच्यामागे होते तासगाव तालुक्यातले वि. स. पागे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. साठच्या दशकात त्यांनी आपल्याच भागात हा प्रयोग करून पाहिला होता. म्हणणं साधं होतं: जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला सरकारने काम द्यायचं, कोण गरीब आणि कोण नाही याच्या याद्या करत बसायचं नाही. उन्हात माती उपसायला सुखवस्तू माणूस येतोच कशाला? १९७२ साली योजना जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने गाठलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. घरातल्या मोठ्यांसमोर नुसते मिलो आणि सुकडी हे दोन शब्द काढून बघा, पुढचं ते सांगतील.

पाऊस पडला, कामं बंद होऊ लागली, तेव्हा लोक मोर्चे घेऊन तहसील कचेरीवर गेले. १९७७ साली विधिमंडळाने एकमताने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. एकमत झालं याचं फार कौतुक करू नये असं मला वाटतं. बागायतदाराच्या शेताजवळ तलाव आणि रस्ता होणार होता, मुंबईकराला वाटत होतं की लोंढे थांबतील. पण हेतू काहीही असोत, कागदावर जे उतरलं ते त्या काळात देशात दुसरीकडे कुठे नव्हतं. मजुराने काम मागायचं आणि १५ दिवसांत सरकारने ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारभत्ता. म्हणजे पहिल्यांदाच योजनेचा हिशेब खाली, काम मागणाऱ्या बाईला द्यायचा होता. (बाई म्हणतोय ते उगाच नाही, या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने असत.)

मग हा बेकारभत्ता मिळालेली माणसं इतकी विरळा का?

कारण ते १५ दिवस मोजायचे कुठून हे एका चिठोऱ्यावर ठरतं. नमुना ४ भरून काम मागितलं की तारीख घातलेली पोच मिळायला हवी. ती नसेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही काम मागितलेलंच नाही. "ठेवून जा, बघतो," एवढं म्हटलं की हमी संपली! त्यासाठी पैसे खावे लागत नाहीत, खोटं लिहावं लागत नाही, नुसता शिक्का मारायचा नाही. इकडे व्यवसाय कराचं उत्पन्न वाढत वाढत योजनेच्या खर्चाच्या कितीतरी पुढे गेलं. पैसा होता, मागणी मात्र कागदावर कमी होती.

दुसरा कागद म्हणजे मस्टर, हजेरीपट. त्याची गोष्ट राजस्थानात घडली. तिथे १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांची मस्टर मागायला सुरुवात केली. २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मस्टरवरची नावं सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्या कामावर कधी पाऊलही न ठेवलेल्या माणसांची नावं निघाली. ज्यांनी अंगठा उठवला असं लिहिलं होतं ती माणसं तिथेच बसलेली होती. माहितीच्या अधिकाराची चळवळ अशा सुनवायांतून उभी राहिली. महाराष्ट्राने हमी आधी दिली, पण मस्टर उघडून बघण्याचा हक्क आपल्याकडे यायला २००२ उजाडलं.

२००५ साली केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. १५ दिवसांची मुदत महाराष्ट्राची आणि ग्रामसभेने करायचं सामाजिक लेखापरीक्षण राजस्थानच्या अनुभवातून. पुढे हजेरी मोबाईलवर गेली. १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. बोगस मजूर पकडायला हे बरं, असं वाटतं खरं. पण नेटवर्क नाही म्हणून फोटो चढला नाही तर दिवसभर राबलेल्या बाईची हजेरी बुडते, आणि तिला दाखवायला हातात कागदही नसतो. फोटो जातो वर. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, याचीच चर्चा जास्त झाली. मला मात्र त्याचे नियम वाचताना आधी हेच शोधायचं आहे, की काम मागायला आलेल्या बाईला पोच कोणी द्यायची आणि नाही दिली तर त्याचं काय होणार.