चौसष्ट बाइटांची कुळकथा

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्यातलं एखादं कॉम्प्युटरचं दुकान, पार्टिशन बदलल्यावर चालूच न होणारा लॅपटॉप घेऊन येणारा माणूस आधीच हरलेला असतो. ‘फॉरमॅट मारून द्या,’ असं तोच म्हणतो. इतक्यात मारू नये. प्रोजेक्ट, फोटो, टॅलीचे हिशोब बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती डिस्कच्या सुरुवातीची एक छोटी नोंद, आणि जुन्या मशीनांत तिची मांडणी १९८३ मधली आहे.

आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीला हार्ड डिस्कच नव्हती. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींकडे गेलेली. म्हणून मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटीसोबत १० एमबीची डिस्क आली, तेव्हा तिच्या वाट्याला सी आलं. त्याच वेळी डॉस २.० मधून डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, पाडणारा एफडिस्क आला. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात, हा पार्टिशनमागचा विचार. त्यासाठी ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरची वाटणी झाली: ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे २ खुणेला. तक्त्यात १६ बाइटांच्या चारच ओळी. पार्टिशन कुठे सुरू होतं, केवढं आहे, कोणत्या प्रकारचं आहे, हे त्यात लिहिलेलं. पुढे चार अपुरी पडली, मग एका पार्टिशनच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं पाडण्याची सोय झाली. जुन्या मशीनांवरच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ या जोडकामात आहे.

मशीन चालू होताना हा सेक्टर सर्वांत आधी वाचला जातो, हे व्हायरस लिहिणाऱ्यांनीही हेरलं. १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ तिथेच ठाण मांडून बसायचा आणि ५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करून घेतल्याशिवाय मशीन सोडायचा नाही. मायकेलअँजेलो त्याहून घातक. ६ मार्चला तो डिस्कच पुसायचा. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांच्या धाकट्या भावाने, संजय यांनी, त्यावर उतारा लिहिला. क्विक हीलची सुरुवात त्यातूनच झाली. बूट सेक्टरच्या दुरुस्तीतून मराठी माणसांचा एवढा मोठा उद्योग उभा राहिला, याचं मला फार अप्रूप आहे.

लिनक्सवाल्यांची अडचण वेगळी. लिनक्स सुरू करून देणारा, एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ग्रब ४४६ बाइटांत मावत नाही. त्याचा पुढचा भाग लगतच्या रिकाम्या सेक्टरांत बसतो, आणि आपल्या फायली कोणत्या पार्टिशनमध्ये आहेत तो क्रमांक तिथे लिहिलेला असतो. मधलं एक लॉजिकल पार्टिशन उडवलं की पुढच्यांचे क्रमांक सरकतात. शेत जागेवरच असतं, उताऱ्यावरचा गट नंबर तेवढा चुकतो. मग काळ्या पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. तिथे ‘एलएस’ टाइप करून पार्टिशनं पाहावीत, ज्यात बूट फोल्डर सापडेल त्याचा क्रमांक ‘सेट’ने द्यावा, नॉर्मल मॉड्यूल चढवावं. लिनक्स उघडलं की ग्रब पुन्हा इन्स्टॉल करावा, नाहीतर पुढच्या वेळी तोच पडदा दिसेल. तक्त्यातल्या ओळीच गेल्या असतील, तर ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं मोफत टेस्टडिस्क अख्खी डिस्क चाळून पार्टिशनांच्या सुरुवाती शोधतं. तोवर त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये; नवं विंडोज तर मुळीच नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं, आणि नव्या लॅपटॉपांत जीपीटी हा तक्ता रूढ झाला. जुन्याला २ टीबीपुढचं मोजता येत नव्हतं. जीपीटीत साधारणपणे १२८ नोंदींची जागा आणि डिस्कच्या शेवटी दुसरी प्रत. मशीन सुरू करणाऱ्या फायली आता शंभरेक एमबीच्या, अक्षर नसलेल्या एका ईएफआय पार्टिशनमध्ये राहतात. जागा वाढवण्याच्या नादात हेच पार्टिशन निरुपयोगी समजून उडवलं जातं. तरीही विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून तेवढंच छोटं फॅट-३२ पार्टिशन पुन्हा पाडता येतं, आणि ‘बीसीडीबूट’ ही एक कमांड सी ड्राइव्हमधून लागणाऱ्या फायली तिथे आणून ठेवते.